अनवधानाचा 'ध'चा 'मा'

तांदूळ घ्यायचा झाला, तर आमच्या उचगाव परिसरातील माणूस सहजासहजी फसत नाही. मूठभर दाणे तळहातावर घेऊन तो त्यांची लांबी पाहतो, एखादा दाणा दाताखाली फोडतो, नाकाशी नेऊन वास घेतो आणि मगच भावाची गोष्ट काढतो. मार्कंडेय नदीकाठच्या बासमतीवर वाढलेल्या नाकाला जुना-नवा तांदूळ सांगावा लागत नाही. हाच माणूस सोन्याचा मणी दोन दुकानांत वजन करून पाहतो. बैलाचे दात मोजल्यावाचून दावे हातात घेत नाही. परंतु हाच चोखंदळ गृहस्थ औषधाच्या दुकानासमोर उभा राहिला, की त्याची सारी पारख एकाएकी मालवते. डॉक्टरांनी लिहिलेले त्याला वाचता येत नाही, दुकानदाराने दिलेले त्याला ओळखता येत नाही, आणि तरीही ती गोळी तो त्याच रात्री निःशंकपणे पाण्याबरोबर गिळतो. जे पोटात जाऊन रक्तात मिसळणार, त्याचीच परीक्षा आपण सर्वांत कमी करतो.

विश्वास ठेवणे वाईट, असे आमचे म्हणणे नाही. परस्परांवर विसंबल्यावाचून कोणताही समाज एक दिवसही चालणार नाही. प्रश्न निराळाच आहे. असा संपूर्ण विश्वास जेव्हा लबाडीमुळे नव्हे, तर निव्वळ अनवधानामुळे मोडतो. कोणाच्याही मनात वाईट नसताना कोणाचा तरी जीव धोक्यात येतो. तेव्हा त्या घटनेला कोणते नाव द्यावे, आणि ज्याच्या हातून ती घडली त्याच्याशी कसे वागावे? हा प्रश्न आम्हांला पुस्तकातून सुचलेला नाही. घरातील एका प्रसंगाने तो आमच्या पदरात टाकला, आणि त्या प्रसंगात आम्ही जसे वागलो त्याची खंत अजून गेलेली नाही.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. घरातील थोरल्या आत्या तेव्हा सत्तरीला आलेल्या होत्या. रक्तदाबाची एक गोळी त्या रोज सकाळी घेत. शहरात कामाला गेलेल्या पुतण्याने एका दुकानातून महिन्याची औषधे आणली. दुकानात गर्दी होती, बस गाठायची होती, पिशवीत काय पडले हे त्याने पाहिले नाही. पाहिले असते तरी कळले नसते. दुसऱ्या दिवसापासून न्याहारीनंतर दोन-तीन तासांनी आत्यांना दरदरून घाम फुटू लागला, हातपाय कापू लागले, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. घरात प्रत्येकाजवळ आपापले निदान तयार होते. कोणी वय म्हटले, कोणी पित्त म्हटले, कोणी उपासांना बोल लावला. शेजारणीने गुळाचा खडा आणि पाणी दिले, की थोड्या वेळाने त्यांना बरे वाटे. गुळानेच का बरे वाटते, हा प्रश्न मात्र आम्हां शिकल्यासवरल्यांपैकी कोणालाही पडला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, पावसाची झड लागलेली असताना, उचगाव फाट्यावर बसमधून उतरून एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा चालत गावात आला. बिलावर नाव आणि गाव एवढेच होते. आमच्या आडनावाची चार घरे पालथी घालून तो आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा नखशिखान्त भिजलेला होता. तो त्या दुकानात हाताखाली काम करी. शिलकेचा माल मोजताना एका औषधाच्या तीन पट्ट्या जास्त आणि दुसऱ्याच्या तीन कमी भरल्या, तेव्हा त्याच्या लक्षात आले, की दोन नावांची आरंभीची अक्षरे सारखी असल्यामुळे रक्तदाबाच्या गोळीऐवजी आपण मधुमेहाची गोळी दिली. मधुमेह नसलेल्या वृद्ध माणसाच्या रक्तातील साखर अशी गोळी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते. तो कानडी बोलणारा होता. मोडक्या मराठीत त्याने एवढेच सांगितले, "आज्जी, गोळी चुकली. खाऊ नका." आणि बरोबर आणलेल्या पट्ट्या त्याने आत्यांच्या हातात ठेवल्या.

पुढचे सांगताना आम्हांला संकोच वाटतो. दुसऱ्या दिवशी आम्ही घरातले पाच पुरुष त्या दुकानात गेलो. आवाज चढवला, गर्दी जमवली, पोलिसांचे नाव काढले. त्या मुलाला त्याच्या भाषेवरूनही दोन शब्द ऐकवले. सीमाभागातील माणसाच्या जिभेवर असे शब्द किती सहज तयार असतात, हे येथील वाचकांना सांगायला नको. मालकाने आपली अब्रू वाचवण्यासाठी सर्वांदेखत त्या मुलाला कामावरून काढून टाकले, आणि न्याय झाला अशा समाधानाने आम्ही घरी परतलो. रात्री आत्यांनी सारी हकीकत ऐकून घेतली आणि विचारले, "तो पोरगा आला नसता, तर तुम्हांला कळलं असतं?" आम्ही गप्प राहिलो. "मग त्यालाच कशाला घालवलात?" त्यांच्या या प्रश्नाला त्या रात्री आमच्याजवळ उत्तर नव्हते. या लेखात आम्ही ते शोधत आहोत.

एका अक्षराने माणूस मरतो, हे मराठी माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' कसे झाले याची आख्यायिका घराघरांत पोहोचली. तेव्हापासून 'ध'चा 'मा' हा आपल्या भाषेतला वाक्प्रचारच होऊन बसला. ती आख्यायिका हेतुपुरस्सर केलेल्या बदलाची आहे. औषधाच्या दुकानातही 'ध'चा 'मा' होतो. फरक इतकाच, की तो करणाऱ्याच्या मनात काहीच नसते. आणि गंमत अशी, की जाणूनबुजून अक्षर बदलणाऱ्याची आपण अडीचशे वर्षे गोष्ट सांगतो. परंतु न जाणता अक्षर बदलणाऱ्याविषयी काय म्हणावे, याचा विचार आपण फारसा केलेला नाही.

आमच्या मते येथे तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पहिली लबाडी : स्वस्त किंवा बनावट औषध जाणूनबुजून खपवणे. दुसरी बेफिकिरी : धोका माहीत असूनही सोय किंवा नफा पाहून तो पत्करणे. आणि तिसरी चूक : योग्य तेच करण्याची इच्छा असूनही हाताने, डोळ्याने किंवा स्मृतीने दगा देणे. रोग्याच्या शरीराला या तिन्हींतला भेद कळत नाही. चुकीची गोळी कोणत्याही भावनेने दिली तरी तिचा गुण तोच. म्हणूनच संतापाच्या भरात आपण तिन्हींना एकाच मापाने मोजतो. परंतु नीतीचे काम शरीराच्या कामाहून वेगळे आहे. परिणाम सारखा असला, तरी उगम कोठे आहे हे तिने पाहिले पाहिजे. अन्यथा ज्या ठिकाणी दुरुस्ती व्हायला हवी ते ठिकाण हाती लागतच नाही.

चुकीचा उगम किती ठिकाणी असू शकतो, हे थोडे तपशिलात पाहू. पहिले ठिकाण अर्थातच हस्ताक्षर. अमेरिकेतील टेक्सास राज्यात १९९५ साली एका डॉक्टरने हृदयविकाराच्या रोग्याला 'आयसॉर्डिल' हे औषध लिहून दिले. औषधविक्रेत्याला ते अक्षर 'प्लेन्डिल' असे लागले. ज्या औषधाची दिवसाची कमाल मात्रा दहा मिलिग्रॅम, ते दर सहा तासांनी वीस मिलिग्रॅम घ्यावे अशी सूचना रोग्याच्या हाती पडली. रोगी दगावला. १९९९ साली तेथील ज्यूरीने औषधालयाबरोबर डॉक्टरलाही जबाबदार धरले. वाईट हस्ताक्षर ही केवळ सवय नसून अपराध ठरू शकते, हे त्या निकालाने जगाला सांगितले. आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली नियम दुरुस्त करून औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावे, असे डॉक्टरांना बजावले. ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने त्याही पुढे जाऊन वाचता येईल अशी औषधचिठ्ठी मिळणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला.

परंतु अक्षर मोत्यासारखे असले तरी नावेच जुळी असतील तर काय करावे? 'लॅसिक्स' आणि 'लोसेक' या दोन औषधांचा घोटाळा होतो म्हणून अमेरिकेत १९९० साली दुसऱ्याचे नावच बदलावे लागले. आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोरही 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या हिवतापावरील दोन औषधांच्या नावांचा वाद आला होता. २००१ सालच्या त्या निकालात न्यायालयाने म्हटले, की इतर मालाच्या नावांत थोडेफार साम्य चालेल, पण औषधांच्या बाबतीत कसोटी अधिक कडक हवी. कारण येथील गोंधळाची किंमत प्राणांनी मोजावी लागते. अनेक भाषांच्या आणि निरक्षरतेच्या या देशात नावाचा उच्चार सारखा वाटणे हेही धोक्याचेच आहे, याची जाणीव त्या निकालात दिसते.

नावांनंतर आकडे. दशांशचिन्ह पुसट उमटले, की पॉइंट पाचचे पाच होतात आणि मात्रा दहापट वाढते. आमच्या पिढीतील पुष्कळांच्या घरी आता इन्सुलिन आलेले आहे. त्याच्या बाटल्या आपल्याकडे सामान्यतः एका मिलिलिटरला चाळीस युनिटांच्या, तर पेनमधील नळ्या शंभर युनिटांच्या असतात. म्हणून सुयाही दोन तऱ्हांच्या : लाल टोपणाची चाळीसची, नारिंगी टोपणाची शंभरची. शंभरचे इन्सुलिन चाळीसच्या सुईने नेहमीच्या खुणेपर्यंत ओढले, तर अडीचपट औषध शरीरात जाते. दोन रंगांतील एवढ्याशा फरकावर एका माणसाची सकाळ उजाडणे अवलंबून असते, हे किती घरांत माहीत आहे?

आणि शेवटी, आपल्या भागापुरती, भाषा. डॉक्टर चिठ्ठीवर 'ओडी', 'बीडी', 'टीडीएस' अशी लॅटिनमधून आलेली आद्याक्षरे लिहितो. वेष्टनावर इंग्रजी बारीक अक्षरे असतात. दुकानाची पाटी कानडीत. सूचना तोंडी, अर्धी कानडी आणि अर्धी मराठी. आणि घेणारी आज्जी केवळ मराठी जाणणारी. त्यातच चार गोळ्या हव्या म्हणून पट्टी कात्रीने कापली, की नेमके नाव किंवा मुदतीची तारीख दुकानातल्या तुकड्यावर राहते आणि आपल्या हाती नुसती चकाकणारी पाठ येते. चिठ्ठीपासून ओठापर्यंतच्या या प्रवासात औषध चार भाषांच्या नाक्यांवरून जाते. इतक्या नाक्यांवरून जाऊनही बहुतेक वेळा योग्य गोळीच पोटात पोहोचते, हे खरे आश्चर्य आहे. आणि ते ज्यांच्या दक्षतेने घडते त्या असंख्य औषधविक्रेत्यांचे आपण कधी आभारही मानत नाही.

जुन्या काळी हा प्रवास इतका लांब नव्हता. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. औषध विकणारा असा पाचवा कोणी त्यांत नाही. वैद्यच औषध ओळखी, बनवी आणि देई. ज्याचे गुण ठाऊक नाहीत असे औषध विष, शस्त्र, अग्नी आणि वज्र यांसारखे असते, असा इशाराही चरकाने दिला आहे. आमच्या लहानपणीचे खेड्यातील डॉक्टर आणि त्यांचे कंपाउंडर हे त्या परंपरेचे शेवटचे वारस. लाल मिक्स्चरच्या बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवली जाई आणि एक खाच म्हणजे एक मात्रा, एवढे निरक्षर माणसालाही कळे. त्या पद्धतीत आपुलकी होती, पण एक उणीवही होती. वैद्य चुकला तर त्याला अडवणारे कोणी नव्हते. युरोपात तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने वैद्य आणि औषधविक्रेता हे दोन व्यवसाय कायद्याने वेगळे केले. वैद्याने औषधाच्या धंद्यात भागीदारी करू नये, हा त्यामागचा हेतू. पण त्यातून एक मोठा लाभ झाला. चिठ्ठीला दुसरा वाचक मिळाला.

दुसरा वाचक! औषधविक्रेत्याच्या कामाचे सारे मर्म आम्हांला या दोन शब्दांत दिसते. तो हुकूम बजावणारा नोकर नव्हे, नुसता दुकानदारही नव्हे. डॉक्टरने लिहिलेले पुन्हा एकदा जाणत्या डोळ्यांनी वाचणे, मात्रा जास्त वाटली तर थांबणे, अक्षर लागले नाही तर अंदाज न बांधता फोन करून विचारणे, हे त्याचे कर्तव्य आहे. आपला कायदाही हेच गृहीत धरतो. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच द्यायचे असते. १९४५ च्या औषध नियमांनुसार परिशिष्टातील औषधाऐवजी दुसरे औषध परस्पर देता येत नाही, मग त्यातील घटक तेच का असेनात. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ ठिकाणी प्रमाणपत्र एकाचे, भांडवल दुसऱ्याचे आणि औषध देणारा हात तिसऱ्याचाच असतो. महाराष्ट्रात २०११ नंतरच्या काही वर्षांत अन्न व औषध प्रशासनाने दुकानात औषधनिर्माता हजर हवाच असा आग्रह धरला, तेव्हा विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवून निषेध केला. यावरून ती अनुपस्थिती किती रुळलेली होती हे दिसते.

आता आमच्या प्रसंगाकडे पुन्हा पाहू. त्या मुलाच्या हातून झाली ती चूक. पण ज्याला औषधशास्त्राचे शिक्षण नाही अशा मुलाला गर्दीच्या वेळी एकट्याने उभे करणे ही मालकाची चूक नव्हती. ती त्याची निवड होती. स्वस्तातला हात त्याने पसंत केला होता. ती बेफिकिरी होय. म्हणजे ज्याचा वाटा सर्वांत निष्पाप, आणि ज्याने एकट्यानेच पुढचा अनर्थ टाळला, त्यालाच आम्ही शिक्षा मिळवून दिली. आणि ज्याच्या निवडीतून चूक जन्मली तो शिक्षा देणारा न्यायाधीश होऊन बसला. आमचा संताप खरा होता, परंतु त्याचा पत्ता चुकला होता. आम्हीही त्या दिवशी चुकीच्या माणसाला चुकीची मात्रा दिली.

चूक करणाऱ्याला शिक्षा द्यावी की नाही, हा वाद जगभर चालू आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात २००६ साली दोन वर्षांची एक मुलगी दगावली. तिच्या औषधात मिठाच्या पाण्याचे प्रमाण सव्वीस पटींनी अधिक होते. मिश्रण साहाय्यकाने तयार केले होते आणि औषधनिर्मात्याने ते तपासून पुढे पाठवले होते. २००९ साली त्या औषधनिर्मात्याला सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. पुढे त्या मुलीच्या वडिलांनीच त्याला क्षमा केली आणि अशा चुका टाळण्यासाठी ते दोघे एकाच व्यासपीठावरून बोलले. इंग्लंडमध्ये २००७ साली दुसरेच औषध हाती पडलेली एक वृद्धा दगावली. २००९ साली तेथील औषधनिर्मातीला तीन महिन्यांची स्थगित कैद झाली. २०१० साली अपिलात ती रद्द होऊन केवळ दंड राहिला. या खटल्याने तेथे मोठी चर्चा झाली आणि २०१८ साली कायदा बदलला. आपल्या व्यवसायाचे काम करताना औषधनिर्मात्याकडून अनवधानाने चूक झाली, आणि ती ध्यानात येताच रोग्याला कळवण्यासाठी त्याने शक्य ते सर्व केले, तर त्याला फौजदारी शिक्षेपासून बचाव मिळू शकतो. ही अट आम्ही वाचली तेव्हा पावसात भिजलेला तो मुलगा आमच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. एका राष्ट्राच्या कायद्याला जे शहाणपण २०१८ साली सुचले, ते त्याने कोणी न सांगता आचरले होते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ज्या घरातले माणूस गेले त्या घराने काय करावे? कबुली दिली की सुटका, असे झाले तर निष्काळजीपणा स्वस्त होणार नाही काय? आमचे उत्तर असे. कबुलीने सुटका मिळते ती तुरुंगातून, जबाबदारीतून नव्हे. नुकसानभरपाई द्यावीच लागेल. दुकानाची व्यवस्था सुधारावीच लागेल. तीच चूक पुनःपुन्हा करणारा, किंवा भाड्याच्या प्रमाणपत्रावर दुकान चालवणारा, चुकीच्या सवलतीस पात्रच नाही, कारण त्याने धोका निवडलेला आहे. संरक्षण द्यायचे ते एकाच कृत्याला : खरे वेळेवर सांगण्याला. पहिली चूक हाताची असते आणि तिच्यावर मनुष्याचा पूर्ण ताबा नसतो. ती ध्यानात आल्यानंतरचे मौन मात्र मनाचे असते, आणि त्यावर त्याचा पूर्ण ताबा असतो. नीतीचा खरा प्रदेश तेथे सुरू होतो.

मौनाची किंमत काय असते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९८६ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले चौदा रोगी दगावले. औषध म्हणून आलेल्या त्या द्रवात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा विषाचा मार्ग एका माणसाच्या चुकीतून गेलेला नव्हता, असे दिसून आले. खरेदी, तपासणी, परवाने अशा प्रत्येक पायरीवर कोणीतरी पाहून न पाहिल्यासारखे केले होते. ही दुकानातील चुकीची गोष्ट नव्हे, हे आम्ही जाणतो. पण चुकीची कबुली देण्याची रीत जेथे नसते तेथे बेफिकिरी कशी साचत जाते, याचा हा धडा आहे. आणि तो पुरता शिकलेला नाही. त्याच रसायनाने २०२५ साली खोकल्याच्या औषधातून मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागातील वीसहून अधिक मुलांचा बळी घेतला. त्यांतील काही मुलांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते.

मोठ्या घटनांत दोष मोठ्यांचा असतो, आणि दुरून बोट दाखवणे सोपे असते. परंतु रोजच्या दुकानात ग्राहकाचाही वाटा असतो. आम्ही चिठ्ठीवाचून "ती लहान गुलाबी गोळी द्या" असे मागतो. दुकानदाराने "कोणाला हवी? आणखी कोणती औषधे चालू आहेत?" असे विचारले, तर आमच्या पाटीलकीला ठेच लागते. शाळकरी मुलाच्या हाती पैसे देऊन औषध आणवतो. जो थांबून वाचतो त्याचे दुकान सोडून, जो न पाहता पटापट देतो त्याच्याकडे जातो आणि त्याला 'हुशार' म्हणतो. दुसऱ्या वाचकाला वाचायला वेळ न देणारे आम्हीच. आणि ज्या दिवशी तो आपली चूक सांगायला येतो, त्या दिवशी पाच पुरुष घेऊन जाणारेही आम्हीच. त्या घटनेनंतर शहरातील कोणत्याही दुकानातून कोणीही आमच्या दारात चूक सांगायला आले नाही. चुका थांबल्या म्हणून आले नाही, की आमची कीर्ती पसरली म्हणून, हे कोणी सांगावे?

आत्या त्यानंतर आठ वर्षे जगल्या. इंग्रजी अक्षरओळख नसतानाही त्यांनी एक रीत पाडली. रिकामी झालेली जुनी पट्टी त्या फेकून देत नसत. नवी आली, की दोन्ही मांडीवर शेजारी शेजारी ठेवून, भाताचे वाण ताडून पाहावे तशी अक्षरांची वळणे बोटाने ताडून पाहत. कंपनी बदलून वेष्टन वेगळे आले, तर माणूस परत पाठवून विचारून घेत, आणि दुकानदार कंटाळला तरी त्याला न रागावता म्हणत, "बाबा, तू बघितलंस, मीपण बघते. दोघांनी बघितलेलं बरं." तांदळाची पारख औषधाच्या दुकानासमोर मालवते असे आम्ही आरंभी म्हटले, ती पुन्हा पेटवता येते, हे त्या निरक्षर बाईने दाखवून दिले.

ज्या गावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलनाचा मांडव पडतो, त्या गावच्या माणसांना शब्दाचे मोल सांगण्याची गरज नाही. आपण शब्द शुद्ध लिहावा म्हणून भांडतो, पाटीवरच्या अक्षरांसाठी भांडतो. औषधाच्या पट्टीवरचा शब्दही आपलाच आहे. तो वाचावा, वाचता येत नसेल तर वाचून घ्यावा, आणि समोरचा विचारू लागला तर त्यात अपमान मानू नये. आणि कोणी आपली चूक घेऊन दाराशी आला, तर आधी त्याला आत घ्यावे. हिशेब नंतरही करता येतो.

त्या मुलाचे नाव आम्ही त्या वेळी विचारले नाही. त्याला शिव्या देण्यासाठी नावाची आवश्यकता भासली नव्हती. पुढे मनाला लागल्यावर एकदा दुकानात जाऊन चौकशी केली. तो कोठे गेला हे तेथे कोणालाच ठाऊक नव्हते. आत्यांच्या आयुष्यातील ती आठ वर्षे त्याच्या नावावर जमा आहेत, आणि आमच्या नावावर त्याची एक नोकरी आणि एक क्षमायाचना बाकी आहे.